कार्ट्रिज आधी, प्रिंटर नंतर

मित्राला वकिलीच्या ऑफिससाठी लेझर प्रिंटर घ्यायचा होता म्हणून त्याच्यासोबत मुंबईत लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानात गेलो होतो. आमच्या पुढे उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाने दुकानदाराला विचारलं, "हा मिनिटाला किती पानं काढतो?" दुकानदाराने उलट त्यालाच विचारलं, "महिन्याला किती रिम लागतात?" गिऱ्हाईक अडखळलं. मुलांचे शाळेचे कागद, बायकोच्या क्लासच्या प्रश्नपत्रिका, अधूनमधून आधार कार्डाची प्रत, असं काय काय सांगून शेवटी म्हणालं, "महिन्याला कसली? वर्षाला दोन-तीन."

"मग स्पीडचं काय लोणचं घालायचंय?" असं म्हणत दुकानदाराने मांडून ठेवलेल्या प्रिंटरचं झाकण उघडलं, आतलं काळं कार्ट्रिज काढलं आणि काउंटरवर ठेवलं. "तुम्ही हे विकत घेणार आहात. प्रिंटर याच्यासोबत येतो."

त्या दिवशी मित्राची खरेदी झाली नाही, पण माझी शिकवणी झाली. ब्लॅक अँड व्हाइट लेझर प्रिंटर निवडताना लोक वेग, वाय-फाय, कंपनीचं नाव आणि खोक्यावरची किंमत बघतात. या सगळ्याला अर्थ आहे, पण दुसऱ्या फेरीत. पहिल्या फेरीत बघायचं ते एवढंच: आतला टोनर आणि ड्रम कुठल्या रचनेत बसवले आहेत, ते किती पानांत संपतात आणि संपल्यावर आपल्या गावात ते कोण आणि कितीला भरून देतं. हे नीट कळण्यासाठी कागदावर अक्षर उमटतं कसं ते एकदा पाहून घ्यावं लागतं.

रांगोळीसारखी पावडर

इंकजेटमध्ये शाई असते आणि शाई सुकते. दिवाळीनंतर बंद ठेवलेला इंकजेट जूनमध्ये ॲडमिशनच्या वेळी उघडावा, तर पहिल्या पानावर पांढरे पट्टे. मग हेड क्लीनिंगच्या नावाखाली तो निम्मी शाई स्वतःच पिऊन टाकतो. लेझर प्रिंटरमध्ये शाई नसतेच. टोनर म्हणजे प्लास्टिकची काळी पावडर. आपल्या रांगोळीसारखीच, पण कितीतरी बारीक; तिचा एक कण साधारण ५ ते १० मायक्रॉनचा, म्हणजे केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. पावडर सुकायचा प्रश्न येत नाही. सहा महिन्यांनी प्रिंटर लावला तरी पहिलं पान काळंभोर येतं. क्वचित छापणाऱ्या घराने लेझरकडे वळावं याचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे, वेग नव्हे.

ही पावडर हव्या त्या जागीच बसते ती स्थिर विजेच्या जोरावर. कोरड्या केसांवरून कंगवा फिरवून कागदाचे कपटे उचलण्याचा खेळ सगळ्यांनी केलेला असतो, त्याचंच हे शिस्तीतलं रूप. प्रिंटरच्या पोटात हिरवट किंवा निळसर झाक असलेली एक गुळगुळीत नळी असते, तो ड्रम. त्याच्यावर असा लेप असतो, की अंधारात तो विजेचा भार धरून ठेवतो आणि उजेड पडला की त्या जागेपुरता सोडून देतो. आधी एक रबरी रोलर संपूर्ण ड्रमवर ऋण भार चढवतो. मग लेझरचा किरण गरगर फिरणाऱ्या बहुकोनी आरशावर आपटून ड्रमवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आडवा धावतो आणि जिथे काळं हवं तिथेच क्षणभर पेटतो. एका इंचात ६०० ठिपके धरले तर ए-फोर पानाच्या उंचीत अशा ७ हजारांहून जास्त आडव्या रेघा होतात. जिथे किरण पडला तिथला भार उतरला. टोनरच्या कणांवरही ऋण भारच असतो. त्यामुळे भारलेल्या जागेपासून ते दूर राहतात आणि उतरलेल्या जागी जाऊन चिकटतात. ड्रमवर आता पावडरीचं अक्षर तयार झालं, उलटं.

पुढचं काम सोपं. खालून कागद येतो. त्याच्यामागचा रोलर विरुद्ध भाराचा असतो, तो पावडर ड्रमवरून कागदावर ओढून घेतो. या क्षणी तुम्ही कागद बाहेर काढून फुंकर मारली, तर अक्षरं उडून जातील. म्हणून कागद फ्यूझरमधून जातो. तिथे दोनशे अंश सेल्सियसच्या आसपास तापलेल्या रोलरखाली प्लास्टिक वितळून कागदाच्या धाग्यांत रुततं. नुकतं बाहेर आलेलं पान हाताला गरम लागतं ते यामुळे, आणि त्यावर पाणी सांडलं तरी अक्षर फुटत नाही तेही यामुळे. ड्रमवर उरलेली थोडी पावडर एक रबरी पट्टी खरवडून काढते आणि ती टाकाऊ पावडरीच्या कप्प्यात पडते. पट्टीचं बाजारातलं नाव वायपर ब्लेड. हे नाव आणि हा कप्पा लक्षात ठेवा, दोन्ही पुढे लागणार आहेत.

या युक्तीचा शोध लावणारे चेस्टर कार्लसन पेटंटच्या खात्यात काम करायचे आणि कागदपत्रांच्या नकला करून कंटाळले होते. २२ ऑक्टोबर १९३८ रोजी न्यूयॉर्कमधल्या अस्टोरिया भागात त्यांनी आणि त्यांचे सहायक ऑटो कॉर्नी यांनी गंधकाचा थर दिलेला जस्ताचा पत्रा रुमालाने घासून भारित केला, काचेवर तारीख आणि जागेचं नाव लिहून त्यातून उजेड पाडला, वर लायकोपोडियमची बारीक पूड भुरभुरवली आणि फुंकर मारली. लिहिलेलं तेवढं पत्र्यावर राहिलं. मेणकागद दाबून ते उचललं. पुढे हॅलॉइड नावाच्या छोट्या कंपनीने ही कल्पना घेतली आणि 'कोरडं लेखन' या अर्थाच्या ग्रीक शब्दांवरून तिला नाव मिळालं झेरोग्राफी. १९५९ साली आलेलं त्या कंपनीचं ९१४ हे यंत्र इतकं चाललं, की कंपनीचं नावच झेरॉक्स झालं. आपण तर कुठल्याही कंपनीच्या मशीनवर 'झेरॉक्स काढून' आणतो. त्याच कंपनीतल्या गॅरी स्टार्कवेदर यांनी मूळ कागदाच्या जागी संगणकाच्या इशाऱ्यावर चालणारा लेझर आणला, आणि १९७७ मध्ये झेरॉक्स ९७०० हा खोलीभर आकाराचा लेझर प्रिंटर बाजारात आला.

तो टेबलावर आणण्याचं श्रेय मात्र एका डब्याला द्यावं लागेल. कॅननने १९८२ मध्ये छोट्या कॉपियरसाठी असं कार्ट्रिज काढलं, की टोनर, ड्रम, भार देणारा रोलर, पुसणारी पट्टी असं झिजणारं आणि संपणारं बहुतेक सगळं एकाच डब्यात. डबा संपला की टाका, नवा बसवा, मेकॅनिकची वाट बघायला नको. १९८४ चा पहिला एचपी लेझरजेट कॅननच्याच यंत्रणेवर बांधलेला होता. मिनिटाला ८ पानं, इंचाला ३०० ठिपके, किंमत ३,४९५ डॉलर. प्रिंटर पुढे स्वस्त होत गेला आणि धंद्याचा नफा त्या डब्यात जाऊन बसला. दुकानदाराचं काउंटरवरचं वाक्य या इतिहासाचाच सारांश होता, त्याला ते माहीत असो वा नसो.

डबा कोणत्या जातीचा

आज बाजारात तीन रचना दिसतात.

पहिली तीच कॅननवाली, सगळं एका कार्ट्रिजमध्ये. एचपीचा लेझरजेट १०२० आणि कॅननचा एलबीपी २९०० हे महाराष्ट्रातल्या तहसील कचेरीपासून सोसायटीच्या ऑफिसपर्यंत वर्षानुवर्षं राबले, ते याच जातीचे. एकाचं कार्ट्रिज १२-ए, दुसऱ्याचं ३०३. नावं दोन, घराणं एकच, कारण आतली यंत्रणा कॅननची. भरून देणारेही पाटीवर दोन्ही नावं शेजारी शेजारी लिहितात. या रचनेत डबा बदलला की ड्रमही नवाकोरा मिळतो, छपाई पुन्हा पहिल्या दिवसासारखी होते. दर पानाचा खर्च मात्र तिन्हींत जास्त.

दुसऱ्या रचनेत टोनर वेगळा आणि ड्रम वेगळा. ब्रदरच्या घरगुती आणि छोट्या ऑफिसच्या बऱ्याच प्रिंटरांत असं असतं. टोनर हजार-दोन हजार पानांत संपतो, ड्रम साधारण १२ हजार पानं टिकतो. टोनर बदलताना चांगला ड्रम फेकून द्यावा लागत नाही. पण ड्रमची पाळी येते त्या दिवशी खिशाला चटका बसतो आणि लोक "एवढ्यात नवा प्रिंटर येईल" म्हणून चिडतात. चिडू नये, तो खर्च पहिल्या दिवसापासून हिशेबात धरायचा असतो.

तिसरी जात टाकीची. एचपीचा नेव्हरस्टॉप २०१९ मध्ये भारतात आला, तो असा. कार्ट्रिज काढायचं नाही, पिचकारीसारख्या नळकांड्यातून टोनर सरळ यंत्रात भरायचा. खोक्यातून येतानाच ५ हजार पानांचा टोनर भरलेला, पुढचं प्रत्येक नळकांडं २,५०० पानांचं. हात काळे न करता घरच्या घरी भरता येतो ही याची मजा. पण यातही ड्रम कधीतरी संपतो, हे विक्रेते सांगायला विसरतात.

आता हिशेब. आकडे फक्त गणितापुरते धरू, तुमच्या बाजारातले घालून पुन्हा करा. पहिला प्रिंटर ९ हजारांचा, त्याचं कंपनीचं कार्ट्रिज ४,५०० रुपयांचं आणि १,५०० पानांचं. म्हणजे पानाला ३ रुपये. दुसरा १५ हजारांचा, टोनर २,६०० रुपयांत २,६०० पानं, ड्रम ६ हजारांत १२ हजार पानं. टोनरचा १ रुपया आणि ड्रमचे ५० पैसे मिळून पानाला दीड रुपया. यंत्राच्या किमतीत फरक ६ हजारांचा, पानामागे बचत दीड रुपयाची, तेव्हा ४ हजार पानांनंतर महाग प्रिंटर स्वस्त पडू लागतो. ज्या ऑफिसात महिन्याला दोन रिम जातात त्याला तिथे पोचायला चार महिने लागतील. ज्या घरात महिन्याला ५० पानं निघतात त्याला साडेसहा वर्षांहून जास्त. 'कुठला प्रिंटर चांगला' या प्रश्नाला एकच उत्तर नसतं ते या भागाकारामुळे.

भागाकारातला पानांचा आकडाही जरा चाचपून घ्यावा. खोक्यावरचं '१,५०० पानं' हे आयएसओ १९७५२ या प्रमाणानुसार मोजलेलं असतं. त्यासाठी ठरावीक नमुना पान सलग छापत राहतात, आणि त्या पानावर जेमतेम ५ टक्के जागा काळी असते. साधं, मोकळं पत्र त्यात बसतं. गच्च टाइप केलेलं मराठी पान, शिरोरेषा धरून, सहज त्याच्या वर जातं. आणि आधार कार्डाची करड्या पार्श्वभूमीची झेरॉक्स तर टोनर अक्षरशः गिळते. शिवाय घरात कोणी सलग छापत नाही. एक पान, मग तासाने एक. दर वेळी यंत्र जागं होताना ड्रम काही फेरे रिकामेच घेतो आणि तेवढा झिजतो. तेव्हा खोक्यावरच्या आकड्यातून पाव हिस्सा मनातल्या मनात वजा करावा, असा माझा शिरस्ता आहे.

आणखी एक गोम. नव्या प्रिंटरसोबत येणारं कार्ट्रिज पुष्कळदा 'स्टार्टर' असतं, म्हणजे अर्धंमुर्धं भरलेलं. "नवीन घेतला आणि दोन महिन्यांत संपला" ही तक्रार त्यातून येते. सोबतचं कार्ट्रिज किती पानांचं, हे खोक्यावर बारीक अक्षरात असतं. वाचा.

रिफिलवाला आणि त्याचा शत्रू

आपल्याकडे कार्ट्रिज फेकत नाहीत, भरतात. तालुक्याच्या गावीही स्कूटरला पिशवी लावून फिरणारा रिफिलवाला असतो. तो कार्ट्रिज उघडतो, टाकाऊ पावडरीचा कप्पा रिकामा करतो, नवी पावडर ओततो आणि बंद करतो. चांगला कारागीर ड्रम, वायपर ब्लेड, भार देणारा पीसीआर रोलर उजेडात फिरवून बघतो आणि काय झिजलं ते सांगतो. वाईट कारागीर कप्पा रिकामा करत नाही. मग तो भरून वाहतो आणि पानाच्या मागे काळे डाग यायला लागतात. साधारण दोन-तीनदा भरल्यावर ड्रम बदलावा लागतो, तोही रिफिलवालाच बाजारातला बसवून देतो. कंपनीच्या कार्ट्रिजच्या तुलनेत हा खर्च इतका कमी असतो, की वरच्या माझ्या गणितातला तीन रुपयांचा प्रिंटर रिफिलवर काही पैशांत येतो. १२-ए आणि ८८-ए ही कार्ट्रिजं आपल्याकडे अमर झाली ती छपाईमुळे नव्हे, कोणालाही भरता येतात यामुळे.

म्हणून प्रिंटर घ्यायच्या आधी दुकानात नव्हे, रिफिलवाल्याला फोन करावा. "अमुक मॉडेलचं कार्ट्रिज भरता का? त्याला चिप आहे का?" चिप हा या गोष्टीतला खलनायक. कार्ट्रिजवर नखाएवढी चिप असते, ती प्रिंटरला 'मी खरी आहे आणि एवढी पानं झाली' असं सांगते. भरलेल्या कार्ट्रिजला नवी चिप लावावी लागते, आणि प्रिंटरचं आतलं सॉफ्टवेअर इंटरनेटवरून अपडेट झालं की कालपर्यंत चालणारी चिप आज नाकारली जाऊ शकते. एचपी तर आपल्या या बंदोबस्ताला उघडपणे 'डायनॅमिक सिक्युरिटी' म्हणते. तिने 'एचपी प्लस' नावाची योजनाही काढली होती. त्यात प्रिंटर सतत इंटरनेटला जोडलेला हवा आणि कार्ट्रिजं कायम कंपनीचीच हवीत, अशी अट. अशा मॉडेलच्या नावाला शेवटी 'ई' अक्षर असतं. कंपनीची बाजूही आहे. हलक्या पावडरीने फ्यूझर खराब झाला तर शिव्या तिलाच बसतात. पण विकत घेतलेल्या वस्तूत काय भरायचं ते मी ठरवणार, या मताचा मी आहे. रिफिल करणार असाल तर चिप नसलेलं किंवा ज्याची चिप बाजारात सहज मिळते असंच मॉडेल घ्या.

भरून आणलेल्या कार्ट्रिजचं पहिलं पान रिफिलवाल्यासमोरच काढावं. पानभर उभी काळी रेघ आली, तर वायपर ब्लेड किंवा ड्रमवरचा ओरखडा. ठरावीक अंतराने तोच ठिपका परत परत आला, तर पट्टी घेऊन अंतर मोजा. १२-ए सारख्या कार्ट्रिजचा ड्रम २४ मिलिमीटर व्यासाचा, म्हणजे त्याचा एक फेरा सुमारे ७५ मिलिमीटरचा. ठिपका साडेसात सेंटिमीटरवर परत येत असेल तर दोष ड्रमचा, आणि "कागद खराब आहे" हे रिफिलवाल्याचं उत्तर ऐकून घ्यायचं कारण नाही. अक्षर बोटाने पुसलं जात असेल, तर फ्यूझर नीट तापत नाही किंवा पावडर या यंत्राची नाही. ड्रमला उजेड सोसत नाही, तेव्हा काढलेलं कार्ट्रिज खिडकीत ठेवू नये. पावडर कपड्यावर सांडली तर झटका आणि थंड पाण्याने धुवा. गरम पाणी लावाल तर प्लास्टिक कापडातच चिकटेल.

कागद, पाऊस आणि पाठकोरे

मराठी घरात छापायला कागद घेताना हात आधी पाठकोऱ्यांच्या गठ्ठ्याकडे जातो. एका बाजूने छापलेला कागद टाकून देणं आपल्याला पाप वाटतं, मलाही वाटतं. पण लेझर प्रिंटरला पाठकोरा देताना तीन गोष्टी पाहाव्यात. पिन राहिलेली नको. फ्यूझरमध्ये एक पातळ नळकांडी पडदी असते, बाजारात तिला टेफ्लॉन म्हणतात, आणि स्टेपलरची एक पिन ती फाडायला पुरते. कोपरे दुमडलेले नकोत, कागद अडकतो. आणि इंकजेटच्या शाईने भिजून सुकलेला, लाटा आलेला कागद नको. एवढं सांभाळलं तर कच्च्या प्रतीला पाठकोरे चालतात.

कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर प्रिंटरच्या तक्रारी वाढतात, त्याचं कारण बहुधा कागद असतो. सादळलेल्या कागदावर भार टिकत नाही, पावडर नीट उतरत नाही, अक्षर फिकट येतं. फ्यूझरमध्ये ओलाव्याची वाफ होते, पान पापडासारखं वळतं आणि अडकतं. उघडलेली रिम प्लास्टिकच्या पिशवीत तोंड बांधून ठेवा, ट्रेमध्ये दोन दिवसांपुरताच कागद घाला. निम्मी दुरुस्ती तिथेच होते. कागद ७५ किंवा ८० जीएसएमचा घ्यावा; ७० चा चालतो, पण दोन्ही बाजूंनी छापताना मागचं दिसतं.

ऑफिसातले बाकी प्रश्न

दोन्ही बाजूंनी आपोआप छापण्याची सोय, म्हणजे डुप्लेक्स, मी आता सगळ्यांनाच घ्यायला सांगतो. मॉडेलच्या नावात 'डी' असेल तर डुप्लेक्स, 'एन' असेल तर नेटवर्कची केबल, 'डब्ल्यू' असेल तर वाय-फाय, असा बहुतेक कंपन्यांचा संकेत आहे. सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०२० पासून कागदपत्रं ए-फोर आकारात, किमान ७५ जीएसएमच्या कागदावर आणि दोन्ही बाजूंनी छापून घ्यायला सुरुवात केली, तेव्हा वकिलांसाठी ही चैन राहिलेली नाही. तरी लीगल आकाराचा कागद कचेऱ्यांतून पुरता गेलेला नाही. छपाईत अडचण नसते, कारण रुंदी जवळपास सारखी, फक्त लांबी १४ इंच. अडचण येते प्रत काढताना. छपाईसोबत प्रतही काढणाऱ्या ऑल-इन-वनची काच बहुधा ए-फोरपुरतीच असते, लीगल कागदाचा खालचा तुकडा बाहेर राहतो. अशा ऑफिसने वरून कागद ओढून घेणारा फीडर, म्हणजे एडीएफ असलेलंच मशीन घ्यावं. घरासाठी फीडरची गरज नाही, पण 'आयडी कॉपी'चं बटण जरूर बघा. आधार कार्डाच्या दोन्ही बाजू एकाच पानावर घेण्यासाठी झेरॉक्सवाल्याकडे मारलेले हेलपाटे वाचतात.

वेगाबद्दल एवढंच: घरात मिनिटाला किती पानं याला किंमत नाही, झोपेतून जागा होऊन पहिलं पान किती सेकंदांत बाहेर येतं याला आहे. सात-आठ सेकंद चांगले. 'मंथली ड्यूटी सायकल १० हजार पानं' हा आकडा वाचून हुरळून जाऊ नये, ती यंत्राची कमाल मर्यादा आहे. माहितीपत्रकात खाली 'रेकमेंडेड मंथली व्हॉल्यूम' असा दुसरा, कितीतरी लहान आकडा असतो. आपला वापर त्या लहान आकड्यात बसला पाहिजे.

वाय-फाय हवं असेल, तर बरेच स्वस्त प्रिंटर फक्त २.४ गिगाहर्ट्झचं वाय-फाय ओळखतात हे ध्यानात ठेवा. राउटर ५ वर असेल तर "सापडत नाही" म्हणून बसतात. आणि जुन्या स्वस्त प्रिंटरांचा मेंदू संगणकात असतो. एचपीचा १०२० तर दर वेळी चालू केला की आपलं फर्मवेअर संगणकाकडून मागून घेतो. विंडोज बदललं आणि ड्रायव्हर मिळाला नाही, की धडधाकट यंत्र मुकं होतं. फोनवरून किंवा लिनक्सवरून छापायचं असेल, तर एअरप्रिंट किंवा मोप्रिया ओळखणारं मॉडेल घ्या, त्यांना वेगळा ड्रायव्हर लागत नाही.

साध्या मजकुराला ६०० डीपीआय, म्हणजे इंचाला ६०० ठिपके, पुरतं, मराठी जोडाक्षरंही त्यात स्वच्छ उमटतात. याहून जास्त लागतं ते लग्नपत्रिका आणि व्हिजिटिंग कार्डं छापणाऱ्यांना. स्क्रीन प्रिंटिंगचा मजकूर ट्रेसिंग पेपरवर लेझरने काढतात, आणि तिथे काळा रंग भरीव हवा. जराशी विरळ पावडर पडली की उजेड आरपार जातो आणि पत्रिकेतल्या अक्षराला भोकं पडतात. अशांनी कार्ट्रिज भरताना पावडरीत काटकसर करू नये.

राहिली वीज. फ्यूझर तापताना लेझर प्रिंटर क्षणभर हजार वॉटच्या आसपास ओढू शकतो, खोलीतला दिवा मिचकावतो तो त्यामुळे. संगणकाचा नेहमीचा ६०० व्हीएचा यूपीएस ३६० वॉटचा असतो. लेझर प्रिंटर त्याला कधीही जोडू नका, घरच्या इन्व्हर्टरलाही नाही. सरळ भिंतीतल्या प्लगमध्ये लावा.

माझा कौल विचाराल तर: महिन्याला शंभराच्या आत पानं असलेल्या घराने रिफिल होणारा, चिपचा त्रास नसलेला साधा ऑल-इन-वन घ्यावा, वाय-फाय असलं तर बरं. महिन्याला एक-दोन रिम जाणाऱ्या ऑफिसने, क्लासने, सेवा केंद्राने ड्रम वेगळा असलेला किंवा टाकीवाला, डुप्लेक्ससह घ्यावा आणि ड्रमचे पैसे बाजूला टाकत राहावेत. माझ्या वकील मित्राने शेवटी तसाच घेतला. आणि दुकानात जाण्याआधी मागच्या महिन्यात आपण किती पानं छापली, ती एकदा मोजून घ्या.